पाकिटातले महायुद्ध

दिवाळीचा फराळ आटोपला की घरोघर सतरंज्या पसरल्या जातात आणि डाव मांडले जातात. मुले कॅरमवर पावडर भुरभुरतात, बायका पत्ते पिसतात, वडीलधारी मंडळी बुद्धिबळाचा पट उघडतात. या साऱ्या खेळांत एक गोष्ट सारखी असते. डाव तासा-दोन तासांत संपतो आणि जिंकणारा व हरणारा एकाच ताटातली चकली उचलतात. परंतु असाही एक खेळ आहे की ज्याचा एक डाव दीड-दीड, दोन-दोन वर्षे चाले. त्यातल्या खेळाडूंनी पुष्कळदा एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे, आणि निकाल लागेपर्यंत पोस्टमनच्या पिशवीतून गोड पत्रांचा, शपथांचा, तहनाम्यांचा आणि शेवटी शिव्याशापांचा नुसता पाऊस पडे!

या खेळाचे नाव ‘डिप्लोमसी’, म्हणजे मुत्सद्देगिरी. आपल्याकडे कृष्णाने कौरवांच्या दरबारात केली तिला आपण शिष्टाई म्हणतो. मात्र या खेळातल्या शिष्टाईत कृष्ण थोडे आणि शकुनीच फार, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

माळ्यावरचा नकाशा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ॲलन कॅलहॅमर नावाचा मुलगा होता. जन्म १९३१ सालचा. लहानपणी घराच्या माळ्यावर त्याला एक जुने भूगोलाचे पुस्तक सापडले. त्यातला युरोपचा नकाशा पहिल्या महायुद्धापूर्वीचा होता. ऑस्ट्रिया-हंगेरीचे मोठे साम्राज्य, तुर्कांची उस्मानी सल्तनत, असे जे देश शाळेतल्या नकाशात कुठेच दिसत नव्हते, ते इथे ऐटीत रंग लावून बसले होते. एवढाले देश गेले कुठे? मुलाच्या डोक्यात हा प्रश्न जो शिरला तो निघालाच नाही.

पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्याला सिडनी फे या इतिहासकाराचे शिक्षण लाभले. पहिले महायुद्ध कसे पेटले यावर फे यांनी १९२८ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. युरोपातली गुप्त तहांची आणि परस्परांना दिलेल्या वचनांची गुंतागुंत त्यांनी त्यात उलगडून दाखवली होती. त्या वर्गात बसून कॅलहॅमरने जे ऐकले ते त्याने १९५४ साली एका पटावर उतरवले. मोठमोठ्या खेळकंपन्यांकडे तो पट घेऊन गेला. सर्वांनी नकार दिला. अखेर १९५९ साली त्याने पदरचे पैसे घालून पाचशे संच छापून घेतले. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी तो उचलला आणि खेळ जगभर पसरला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनाही तो फार प्रिय होता असे सांगतात. ते खरे असेल, तर किसिंजरसाहेबांना घरी आणि कचेरीत एकच उद्योग होता म्हणायचा!

फासा नाही, नशीब नाही

खेळाचे नियम समजायला सोपे आहेत. पट म्हणजे युरोपचा नकाशा आणि साल १९०१. खेळाडू सात: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशावर चौतीस महत्त्वाची ठाणी आहेत. रशियाकडे आरंभी चार, बाकी सहा जणांकडे तीन-तीन, अशी बावीस ठाणी वाटलेली असतात. बेल्जियम, नॉर्वे, सर्बिया, बल्गेरिया, पोर्तुगाल अशी बारा बेवारशी असतात. जितकी ठाणी तितक्या फौजा किंवा आरमारे. ज्याच्या हाती अठरा ठाणी येतील तो युरोपचा धनी.

खेळात फासा नाही, पत्ता नाही, नशिबाला जागाच नाही. प्रत्येक फौजेचे बळही सारखेच. एक फौज दुसरीवर चालून गेली तर दोघी जागच्या जागी थबकतात. सारख्या वजनाचे दोन पैलवान एकमेकांना ढकलू लागले की व्हायचे तेच. मात्र शेजारून आणखी एका फौजेने पाठबळ दिले, तर दोनाविरुद्ध एक असा हिशेब होऊन समोरची फौज हटते. आणि खरी मेख इथेच आहे. हे पाठबळ आपल्याच फौजेने दिले पाहिजे असे नाही. शेजारच्या राजानेही ते दिले तर चालते!

तीन फौजांचा धनी एकट्याच्या जोरावर युरोप जिंकू शकत नाही, हे पोरासही कळते. म्हणून दोस्ती हवी. आता गंमत अशी की, सर्व खेळाडूंनी आपापले हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे आणि ते सगळे एकदम उघडायचे. बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही. म्हणजे मित्राने पाठबळ देण्याचे वचन दिले, पण कागदावर तेच लिहिले की नाही, हे कागद उघडेपर्यंत कळायचा मार्ग नाही. आणि दिलेले वचन पाळलेच पाहिजे असा नियम खेळात कोठेही नाही. तह करा, शपथा घ्या, तह मोडा. पंच चकार शब्द काढणार नाही.

एका टेबलाभोवती बसून खेळताना पहिल्या वाटाघाटींना अर्धा तास आणि नंतरच्या प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटे मिळतात. घरभर कुजबूज सुरू होते. कोणी जिन्यात, कोणी स्वयंपाकघरात, कोणी गॅलरीत. परंतु सात माणसे आणि दिवसभराची सवड एका जागी जमवणे म्हणजे लग्नाचा मुहूर्त जमवण्यापेक्षा कठीण. इथेच टपालखाते मदतीला धावून आले.

ग्राउस्टार्कचे प्राध्यापक

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे जॉन बोर्डमन नावाचे एक गृहस्थ होते. विज्ञानकथांचे वेडे. त्या काळी अमेरिकेत असल्या वेड्यांची हौशी पत्रके निघत. घरीच टंकून, घरीच छापून, तिकीट लावून ती मित्रांना धाडायची. बोर्डमन यांनी १९६३ साली तसेच एक पत्रक काढले, पण ते ‘डिप्लोमसी’चे डाव टपालाने खेळवण्यासाठी. नाव ठेवले ‘ग्राउस्टार्क’. एका जुन्या कादंबरीतल्या काल्पनिक राज्याचे हे नाव, आणि योगायोग पाहा, ती कादंबरी प्रसिद्ध झाली होती १९०१ साली, म्हणजे या खेळाचा आरंभ होतो त्याच वर्षी!

पद्धत अशी. सात गावांत सात खेळाडू. संपादक हाच पंच. ठरलेल्या तारखेच्या आत प्रत्येकाने आपले हुकूम संपादकाकडे पाठवायचे. तो सर्वांचे हुकूम एकत्र करून निकाल लावी आणि पत्रकात छापून सर्वांना पाठवी. मधल्या काळात खेळाडूंनी आपसांत वाटेल तितकी पत्रे लिहावीत. सात खेळाडू म्हणजे जोड्या किती? एकवीस! आणि प्रत्येक जोडीचा वेगळा तह, वेगळे गुपित. खेळातल्या एका वर्षात दोन चाली. दहा वर्षांचा डाव म्हटला तर वीस चाली, आणि चालीला चार आठवडे धरले तर ऐंशी आठवडे. लग्न ठरून, होऊन, पहिले बारसेही उरकावे इतका हा काळ!

एखाद्याचे हुकूम वेळेवर पोहोचलेच नाहीत, तर त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहत. कारण काहीही असो. परीक्षा असो, आजारपण असो, नाहीतर टपालाचा घोटाळा असो. त्यामुळे साम्राज्ये शत्रूच्या शौर्याने बुडत, तशीच आळसानेही बुडत. इतिहासातही याहून फार वेगळे घडलेले नाही.

समजा, तुमच्या वाट्याला फ्रान्स आले

वाचकहो, क्षणभर कल्पना करा की चिठ्ठी निघाली आणि तुमच्या वाट्याला फ्रान्स आले. तुमचे शेजारी तीन: इंग्लंड, जर्मनी, इटली. तुमचे लक्ष स्पेन आणि पोर्तुगालवर. ती दोन ठाणी बिनमालकीची आहेत आणि तुमच्या दाराशी आहेत. तुम्ही इंग्लंडला पत्र लिहिता, ‘आपल्या दोघांमधली खाडी मोकळी ठेवू. तिच्यात ना तुमचे जहाज, ना आमचे.’ इंग्लंडचे उत्तर आठ दिवसांत येते. कागद उत्तम, अक्षर सुरेख, भाषा लोण्यासारखी. ‘आपल्या विचारांशी पूर्ण सहमत आहे.’ तुम्ही निश्चिंत मनाने ब्रेस्टचे आरमार अटलांटिकमध्ये हाकता, पोर्तुगाल घेण्यासाठी.

महिन्याने पत्रक येते. तुम्ही पाकीट फोडता. इंग्लंडचे आरमार खाडीत उभे आहे! समोर तुमचे ब्रेस्ट बंदर, आणि ते तुम्ही नुकतेच रिकामे केले आहे. आता पोर्तुगालवर पाणी सोडून आरमार ब्रेस्टच्या रक्षणाला परत न्यायचे, की इंग्लंड हूल देत आहे असे समजून पुढे जायचे? त्याच टपालाने इंग्लंडचे दुसरे पत्र आलेले असते, ‘कृपा करून गैरसमज नसावा. ही चाल जर्मनीला फसवण्यासाठी केली आहे.’ खरे की खोटे? विचार करायला पुरते तीन आठवडे आहेत, आणि हेच टपालातल्या खेळाचे खरे दुखणे. टेबलावर बसलात तर पंधरा मिनिटांचा संशय. इथे तो जेवताना, आंघोळ करताना, कचेरीत फाईल पाहताना सोबत असतो.

काही ठिकाणी तर दोस्तच ठरवून टक्कर घेतात. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये काळा समुद्र आहे. तो ज्याच्या हाती जाईल त्याचा हात दुसऱ्याच्या मानेवर. म्हणून दोघे असे ठरवतात की, पहिल्या चालीला दोघांनीही आपापले आरमार काळ्या समुद्रात घालायचे. बळ सारखे असल्याने दोन्ही थबकतात आणि समुद्र मोकळा राहतो. ‘आम्ही दोघे तिथे जाणार नाही’ या वचनापेक्षा ‘आम्ही दोघे तिथे जाणार’ हे वचन अधिक भरवशाचे! अविश्वासाच्या पायावर विश्वास कसा बांधावा, याचा इतका नेटका धडा दुसरीकडे सापडणे कठीण.

ही रशिया-तुर्कस्तानची जोडी खरोखरच जमली, तर पूर्वेकडून तिचा लोंढा थोपवणे बाकीच्यांना फार जड जाते. खेळाडूंनी या युतीला ‘जगरनॉट’ असे नाव दिले आहे. हा इंग्रजी शब्द आला तो आपल्या पुरीच्या जगन्नाथावरून, त्याच्या रथावरून. अमेरिकेतल्या टपालात रशिया आणि तुर्कस्तान जगन्नाथाचा रथ ओढताहेत, ही कल्पनाच मोठी मौजेची आहे.

कौटिल्याचे मंडल

या खेळाची पुस्तके युरोप-अमेरिकेत पुष्कळ झाली. इंग्लंडात रिचर्ड शार्प यांनी १९७८ साली एक लिहिले. परंतु आमच्या मते या खेळावरचे सर्वांत जुने पुस्तक आपल्याकडेच लिहिले गेले आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी जुन्या पोथीतून उजेडात आणून १९०९ साली छापलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र! त्यातला मंडलाचा सिद्धान्त सांगतो की, शेजारी हा स्वाभाविक शत्रू आणि शत्रूच्या पलीकडला शेजारी हा स्वाभाविक मित्र. पटावर पाहा. तुर्कस्तानच्या उशाशी रशिया, आणि रशियाच्या पलीकडे, उत्तरेच्या टोकाला, इंग्लंडचे आरमार. तुर्कस्तान आणि इंग्लंड यांच्यात डावाच्या आरंभी भांडायला जागाच नाही. म्हणून त्यांची मैत्री सहज जमते.

कौटिल्य आणखी एकाचे नाव सांगतो, पार्ष्णिग्राह. पार्ष्णी म्हणजे टाच. तुम्ही समोरच्या शत्रूवर चालून गेलात की मागून येऊन जो तुमची टाच पकडतो तो हा. रशियाने दक्षिणेत तुर्कांवर सगळे बळ लावावे आणि उत्तरेत कोणी सेंट पीटर्सबर्ग उचलून न्यावे, हे या खेळात नित्याचेच. आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढायचे याला कौटिल्य द्वैधीभाव म्हणतो. खेळाडू त्याला काही म्हणत नाहीत, कारण दुसरे काही ते करतच नाहीत!

कुणी म्हणेल, हे सारे पटावरचे. तर मग खऱ्या इतिहासातला इटली आठवावा. १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्याशी इटलीचा तह होता. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा इटली स्वस्थ बसला. १९१५ च्या एप्रिलात त्याने लंडनला दुसऱ्या पक्षाशी गुप्त करार केला आणि मे महिन्यात आपल्या जुन्या मित्रावर, ऑस्ट्रियावर, युद्ध पुकारले. खेळाच्या पटावर इटलीचे व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट ही ठाणी भिंतीला भिंत लावून आहेत. कॅलहॅमरने ही भिंत मनातून काढलेली नाही.

काळी बातमी, पांढरी बातमी

या पत्रकांत निकालाशेजारी खेळाडूंनी लिहिलेल्या ‘बातम्या’ही छापल्या जात. ‘व्हिएन्ना: सम्राटांनी रशियाच्या झारला काल थंडा फराळ दिला’ अशा थाटाच्या. त्यातही प्रकार होते. लिहिणाऱ्याचे खरे नाव असेल तर ती पांढरी बातमी, नाव नसेल तर करडी, आणि दुसऱ्याच्याच नावाने दडपून दिली असेल तर काळी. काळ्या बातमीला ज्या संपादकाने मुभा दिली त्याच्या पत्रकात मोठी धमाल उडे. इंग्लंडातल्या शार्प यांच्या पत्रकाचे नावच मुळी ‘डोल्खश्टोस’ होते. जर्मन भाषेत त्याचा अर्थ पाठीतला खंजीर!

टपालाच्या डावात एक धोका असा होता की जो टेबलावर नसतो. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला उरतो. तुम्ही जर्मनीला लिहिलेले पत्र जर्मनी उचलून इंग्लंडकडे धाडू शकतो, तुमच्याच सहीसकट. म्हणून मुरलेले खेळाडू पत्रात खोटे फार थोडे लिहीत. नव्व्याण्णव वेळा खरे बोलावे, दिलेला शब्द पाळावा, मित्राला पाठबळ द्यावे आणि शंभराव्या वेळी, जेव्हा एका घावात दोन तुकडे होतील तेव्हाच, सुरा काढावा. एका ठाण्याच्या लोभाने मित्राला दुखावणारा अडाणी समजला जाई. कारण घायाळ मित्र मरत नाही. तो उरलेल्या दोन फौजा घेऊन तुमच्या शत्रूला जिंकून देतो. ‘मी तर बुडालो, पण तुलाही बुडवीन’ हे पत्र पुष्कळांनी लिहिले आहे आणि पुष्कळांना आले आहे.

गोड बोलण्याचे गणित

पुढे पत्रे गेली आणि संगणक आले. १९८० नंतरच्या दशकाअखेर पंचाचे काम संगणक करू लागले आणि पाकिटाची जागा विजेच्या पत्राने घेतली. त्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला. पुष्कळ डावांतला पत्रव्यवहार जसाच्या तसा साठून राहिला. २०१५ साली अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी तो चाळला. मित्र उलटणार असेल तर त्याच्या पत्रांतून आधी काही सुगावा लागतो का, हे त्यांना पाहायचे होते. आणि सुगावा लागला! दगा देणारा उलटण्यापूर्वी अधिक गोड होतो. ज्याचा घात व्हायचा असतो तो मात्र पुढच्या चालींचे बेत आखण्यात दंग असतो. केसाने गळा कापणे म्हणजे काय हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. ते आता गणितानेही सिद्ध झाले म्हणायचे.

२०२२ च्या नोव्हेंबरात तर याहून नवल घडले. ‘मेटा’ या अमेरिकन कंपनीने ‘सिसेरो’ नावाची संगणकाची एक यंत्रबुद्धी तयार केली. ती माणसांना पत्रे लिहून, तह जुळवून हा खेळ खेळे. चाळीस डावांत माणसांबरोबर खेळून ती वरच्या दहा टक्क्यांत आली. यंत्राने मनात असेल तेच बोलावे असा कर्त्यांचा प्रयत्न होता. पण नंतर इतर अभ्यासकांनी तिची पत्रे तपासली, तेव्हा यंत्रानेही वचने देऊन मोडल्याचे त्यांनी दाखवून दिले. गुरूचे गुण शिष्याने घेतले, दुसरे काय!

मग हा खेळ मुलांना द्यावा का?

प्रश्न साधा नाही. ज्या खेळात खोटे बोलणे हा गुन्हा नाही, तो घरात आणावा कशाला? कित्येक मैत्र्या या खेळापायी काही दिवस तरी अबोल्यात गेल्या आहेत. टपालाच्या डावात तर दीड वर्ष ज्याला ‘प्रिय मित्र’ लिहिले त्याचा सुरा लागतो. ती जखम लाकडी ठोकळ्याला होत नाही, माणसालाच होते.

आमचे उत्तर असे की, हा खेळ जरूर द्यावा, पण पोर वयात आल्यावर द्यावा. कारण तो खोटे बोलायला शिकवतो त्याहून अधिक खोटे ओळखायला शिकवतो. शब्दाची किंमत काय असते, हे ज्याला एकदा शब्दावर विसंबून ब्रेस्ट गमवावे लागले आहे त्याला विचारावे. आणि आणखी एक गोष्ट तो शिकवतो. कोणावरही विश्वास न ठेवणारा खेळाडू या पटावर कधीच जिंकत नाही. तो एकटा पडतो, आणि एकट्याचे बळ नेहमी एकच. शंभर वेळा फसूनही पुन्हा कोणाचा तरी हात धरावाच लागतो. नियमच तसा केला आहे.

आणि हा नियम करणारा माणूस? कॅलहॅमरला या खेळातून बंगले-माड्या लाभल्या नाहीत. त्याने निरनिराळ्या नोकऱ्या केल्या आणि शेवटी आपल्याच गावी, ला ग्रेंज पार्कला, सुमारे वीस वर्षे पोस्टमनचे काम केले. जगभर शेकडो माणसे त्याच्या पटावरच्या युद्धासाठी पाकिटे चिकटवत असताना, तो स्वतः खांद्याला पिशवी लावून लोकांच्या दारात पत्रे टाकत होता. २०१३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. त्याच्या खेळात राजे वचने मोडीत. त्याने मात्र रोजची टपालफेरी इमानाने केली. पत्रात काय लिहिले आहे याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. ते ज्याचे त्याच्या हाती पोहोचवणे, एवढा विश्वास कुणीतरी पाळावा लागतो. तो पाळला जातो म्हणून तर बाकीच्यांना दगाबाजीचीही चैन परवडते.